बारा कुप्या, अकरा कुप्या (एका थरारक कादंबरीच्या निमित्ताने)

घोडबंदरवाली
मंगळवार, रात्री ११.४०

काल ऑफिसला पाऊण तास उशिरा पोचले आणि खरं कारण कुणाला सांगता आलं नाही. ठाण्याला पनवेल गाडीत चक्क खिडकी मिळाली, पिशवीतून पुस्तक काढलं. ऐरोली गेल्याचं कळलं. त्यानंतर मान वर केली ती थेट कोपरखैरण्याला. मधलं रबाळे आणि घणसोली कुणी पळवलं देव जाणे.

पुस्तक म्हणजे जैविक दहशतवादावरची, इंग्रजीतून मराठीत आलेली एक कादंबरी. नाव मुद्दाम देत नाही, कारण गोष्टीतलं थोडं फोडणार आहे. ज्याला वाचायचंय त्याचा विरस नको. हवं त्याने व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

गोष्ट अशी सुरू होते. एका बेटावर सरकारी प्रयोगशाळा. तिथल्या फ्रीझरमध्ये बारा कुप्या असायला हव्यात, सकाळी मोजल्या तर अकरा. मग चारशे पानं नुसती पळापळ. विमानं, बंदरं, खोटे पासपोर्ट, एक घटस्फोटित नायिका (यांच्या नायिका घटस्फोटितच का असतात?) आणि पाठीमागे टिकटिकणारं घड्याळ. रात्री दीडला दिवा बंद केला, दोनला पुन्हा लावला. नवरा उशी घेऊन हॉलमध्ये गेला.

मी रबाळे एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या मायक्रो लॅबमध्ये आहे. एकोणीस वर्षं झाली. जंतू म्हणजे माझं रोजचं गिऱ्हाईक. त्यामुळे असलं काही वाचताना दर दोन पानांनी माझ्या तोंडून "हॅ!" निघतं. नायिका ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने जंतू मारायचं यंत्र) सामान टाकते आणि दोन मिनिटांत बाहेर काढते. अहो, १२१ अंश, १५ पौंड दाब, तोही पंधरा-वीस मिनिटं धरायचा. आधी चढायला वेळ, नंतर उतरायला वेळ. कुकरची शिट्टी झाली की लगेच झाकण उपटता का तुम्ही? एके ठिकाणी नायक फ्लास्कचं बूच काढून वास घेतो. माझ्या ट्रेनीने असं केलं तर त्याच दिवशी घरी.

भाषांतर तर विचारू नका. प्रयोगशाळेत आम्ही जंतू वाढवतो त्याला कल्चर म्हणतो. भाषांतरकाराने कोश उघडून जे पहिलं दिसलं ते लिहिलंय: "तिने थरथरत्या हातांनी संस्कृती फ्रीझरमध्ये ठेवली." शपथेवर सांगते, असंच आहे.

हे सगळं असूनही पहिलं प्रकरण वाचताना माझे हात गार पडले होते, कारण बारातली एक कुपी कमी भरणं म्हणजे काय ते मी पाहिलंय.

चारेक वर्षांपूर्वी, ऑगस्ट महिना, दुसऱ्या दिवशी ऑडिट. औषधं तपासायला आम्हाला प्रमाणित जंतू ठेवावे लागतात: ई. कोलाय, स्टॅफ, साल्मोनेला वगैरे. कादंबरीतल्यासारखं भयंकर काही नाही, पण साल्मोनेला ती साल्मोनेलाच. प्रत्येक कुपीची रजिस्टरमध्ये नोंद. कुपी काढणाऱ्याची एक सही, बघणाऱ्याची दुसरी. संध्याकाळी साडेपाचला शेवटची मोजणी केली. रजिस्टर म्हणतं बारा, डब्यात अकरा.

खांद्याला अडकवलेल्या पिशव्या सगळ्यांनी परत खाली ठेवल्या. उणे ऐंशीचा फ्रीझर एका दमात रिकामा करता येत नाही. मिनिटभर दार उघडायचं, एक कप्पा बघायचा, दार लावायचं, तापमान परत खाली जाईपर्यंत थांबायचं, मग पुढचा. दरम्यान नष्ट केलेल्या मालाच्या नोंदी, कचऱ्याच्या पिशव्या, सगळं उपसलं. रजिस्टरवर शेवटची सही एका पोराची होती, दीड वर्षच झालं होतं त्याला लागून. कुणी त्याला काही बोललं नाही. कुणीच काही बोललं नाही, हेच. सात वाजता चहा आला, ट्रे त्याच्या समोरून गेला आणि कुणी त्याला "घे रे" म्हणालं नाही. मी पण नाही. मी त्याच्या शेजारी उभी होते.

नऊला दहा कमी असताना कुपी सापडली. डब्याच्या झाकणाला आतून बर्फाने चिकटून बसली होती.

त्या पोराला सॉरी म्हणायचं राहून गेलं, ते अजून राहिलंय. कादंबरीतही सगळ्यांची नजर आधी सही करणाऱ्या तंत्रज्ञावरच जाते, आणि त्याची बायको विचारते, "तुझ्याशी आज कोणी बोललं का?" त्या वाक्यावर मी पुस्तक मिटलं होतं. भाषांतर असो नाहीतर काही असो.

अजून शंभर पानं उरली आहेत. शेवट कुणी सांगू नका. तसाही लायब्ररीच्या प्रतीत ४३ व्या पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलने "मेहुणा!!" असं लिहून ठेवलंय. त्या थोर वाचकाला दंडवत.

निवांत
मंगळवार, रात्री ११.५८

संस्कृती फ्रीझरमध्ये! वारलो. आमच्याकडे गणपतीच्या मांडवात दरवर्षी संस्कृती टिकवायची भाषणं होतात, हा उपाय कुणाला सुचला नव्हता. उणे ऐंशीला किती वर्षं टिकते ताई?

घोडबंदरवाली
बुधवार, रात्री १२.०४

@निवांत, नीट ठेवली तर पुष्कळ वर्षं. सारखी काढघाल केली की मरते.

सेक्टर अकरा
बुधवार, सकाळी ९.१५

लेखन आवडलं, पण या प्रकारच्या कादंबऱ्यांवर माझा जुना राग आहे. खलनायकाला वाटलं की रोग पसरतो, इतकं सोपं करून ठेवलंय. जपानमधल्या ओम शिनरिक्यो पंथाचं उदाहरण घ्या. पैसा मुबलक, चांगल्या विद्यापीठांतून शिकलेले शास्त्रज्ञ पदरी. १९९३ मध्ये त्यांनी टोकियोत आपल्याच इमारतीच्या गच्चीवरून अँथ्रॅक्स या रोगाचे जंतू फवारले. निष्पन्न काय, तर शेजाऱ्यांनी घाण वास येतो म्हणून तक्रार केली. एकही माणूस आजारी पडल्याची नोंद नाही. त्यांच्या हाती आलेला वाण जनावरांच्या लशीसाठी वापरतात तो निघाला, असं पुढे तपासणीत कळलं. १९९५ ला भुयारी रेल्वेत त्यांनी माणसं मारली ती सरिन वायूने, म्हणजे रसायनाने. जंतूंनी त्यांना दाद दिली नाही.

दुसरं म्हणजे लेखकांना अँथ्रॅक्स एकापासून दुसऱ्याला सर्दीसारखा होतो असं वाटतं. तसा तो माणसातून माणसात पसरत नाही. तुमच्या पुस्तकात कुठला रोग आहे?

चिमणी
बुधवार, सकाळी ११.३०

मी पूर्वी या विषयावरचं दिसेल ते वाचायची. २०२० नंतर नाही जमत. आमच्या वाशीच्या सोसायटीत गेटला दोरी बांधली होती आणि दुधाच्या पिशव्या दोरीपलीकडे ठेवून जायचे. पिशवी साबणाने धुताना माझी मुलगी विचारायची, "दूध आतून धुवायचं का?" तेव्हापासून कादंबरीत कुणी मास्क लावला की मी पान उलटते. तुम्ही वाचा, मी प्रतिसाद वाचेन.

तलावपाळी
बुधवार, दुपारी ३.२०

घोडबंदरवालीताई, फार दिवसांनी धागा शेवटपर्यंत वाचला. मीही हे पुस्तक हाती घेतलं होतं, पण मुदत संपली आणि दंड नको म्हणून परत केलं. तो विषय राहू दे.

सेक्टर अकरा यांनी जपान सांगितलं. इतकं लांब कशाला जायचं? आपल्या मुंबईतूनच एक गोष्ट सुरू झाली होती, आणि तिच्यापुढे तुमचं बेट फिकं पडेल.

१९३३ सालचा नोव्हेंबर. हावडा स्टेशनवर गर्दीत एका तरुण जमीनदाराला, अमरेंद्रचंद्र पांडे त्याचं नाव, खादीचे कपडे घातलेला एक माणूस घासून गेला आणि दंडाला काहीतरी टोचलं. घरच्यांनी सांगितलं, गाडी सोड, डॉक्टरला दाखव. त्याने ऐकलं नाही, आपल्या गावी, पाकूरला गेला (आज ते झारखंडात येतं). ताप चढला, कलकत्त्याला परत आणलं, आणि टोचल्यापासून आठव्या दिवशी माणूस गेला. रक्तात सापडले प्लेगचे जंतू. आणि कलकत्त्यात तेव्हा प्लेग नव्हता.

सावत्र भाऊ बिनोयेंद्र, इस्टेटीचा वाद, आणि त्याचा डॉक्टर मित्र तारानाथ भट्टाचार्य. इथपर्यंत नेहमीचंच. पण प्लेगचे जंतू आणायचे कुठून? त्या काळी ते मुंबईत मिळण्यासारखे होते. परळची हाफकिन संस्था माहीत असेलच. १८९६ ला मांडवीत प्लेग निघाला, डॉ. व्हिएगस यांनी तो ओळखला, आणि पुढच्या जानेवारीत हाफकिनने लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली, त्याच हाफकिनच्या नावाची ही संस्था. या डॉक्टरने तिथे अर्ज केला: प्लेगवर औषध शोधलंय, प्रयोगाला जंतू हवेत. संस्थेने सांगितलं, बंगालच्या सर्जन जनरलची परवानगी आणा. ती काही मिळाली नाही. मग दोघे मुंबईत आले, हॉटेलात राहिले, ओळखी काढल्या, आणि शेवटी आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयात काम करायची मुभा मिळवली. तिथे उंदरांवर 'प्रयोग' केले आणि काही दिवसांत गुपचूप कलकत्त्याला पसार. ते रुग्णालय म्हणजे आजचं चिंचपोकळीचं कस्तुरबा. २०२० च्या मार्चमध्ये मुंबईतले कोरोनाचे संशयित जिथे नेत होते, तेच.

दोघांना आधी फाशी सुनावली, हायकोर्टाने ती जन्मठेप, काळं पाणी अशी केली.

मला यातलं काय आवडतं सांगू? सुई नव्हे. हाफकिनच्या टेबलावर बसलेला तो कोण असेल तो, ज्याने "परवानगीचं पत्र आणा" असं सांगून अर्ज परत केला. त्याचं नाव कुठल्याही कादंबरीत येणार नाही.

निवांत
बुधवार, दुपारी ३.४१

काका, हे आधी का नाही सांगितलंत? आम्ही इतकी वर्षं तुमच्याकडून फक्त मामलेदार मिसळीचा जुना भाव ऐकतोय.

ओपीडी
बुधवार, रात्री १०.५०

दवाखाना आत्ता बंद केला. तलावपाळी काकांना सलाम.

भर घालतो. सुरतेचा प्लेग, सप्टेंबर १९९४. मी तेव्हा इंटर्न होतो. गणपती विसर्जन होऊन चार-पाच दिवस झाले असतील. सकाळी बातमी आली आणि दुपारपर्यंत ठाण्यातल्या मेडिकलमधून प्लेगवर चालणारं टेट्रासायक्लिन गायब. माझ्या सख्ख्या मावशीने घरातल्या आठ माणसांसाठी डबाभर कॅप्सूल आणून तांदळात लपवून ठेवल्या, कामवालीला कळू नये म्हणून. वर मला विचारते, "सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या का जेवल्यावर?" प्लेगचा पेशंट एकही नव्हता आणि ओपीडीत पाय ठेवायला जागा नव्हती. ज्याला त्याला काखेत गाठ सापडत होती. बहुतेकांना सापडलेली 'गाठ' जन्मापासूनची होती.

तो कुणी केलेला हल्ला नव्हता हे नमूद करतो, नाहीतर उद्या हाच प्रतिसाद व्हॉट्सॲपवर फिरेल. पण थरारकथा लिहिणाऱ्यांनी घाबरलेलं शहर कसं दिसतं ते अशा ठिकाणी बघावं. कादंबरीत लोक किंचाळत रस्त्यावर धावतात. प्रत्यक्षात ते तांदळाच्या डब्यात गोळ्या लपवतात.

आणि सेक्टर अकरा, जंतूंनी दाद दिली नाही हे दरवेळी खरं नाही. १९८४ ला अमेरिकेत, ओरेगनमधल्या द डॅलेस गावी, ७५१ लोक साल्मोनेलाने आजारी पडले. दहा हॉटेलांच्या सॅलडमध्ये तो कालवला होता. कुणी? आपल्या पुण्याच्या कोरेगाव पार्कातून तिकडे गेलेल्या रजनीशांच्या आश्रमातल्या मंडळींनी. कशासाठी, तर काउंटीच्या निवडणुकीत गावकऱ्यांनी मतदानाला येऊ नये! माणूस एकही दगावला नाही, पण ४५ जण इस्पितळात होते. वर्षभर तपासणारे समजत होते की हॉटेलच्या पोऱ्यांनी हात धुतले नसतील. १९८५ मध्ये खुद्द रजनीशांनी पत्रकारांना बोलावून आपली सचिव शीला हिच्यावर आरोप केले, तेव्हा खरा तपास लागला.

सेक्टर अकरा
बुधवार, रात्री ११.१२

मान्य. निवडणुकीसाठी जुलाब, हे मात्र कुठल्याही थरारकथेच्या संपादकाने "पटत नाही" म्हणून कापलं असतं.

घोडबंदरवाली
बुधवार, रात्री ११.४५

ओपीडी, साल्मोनेलाचं वाचून आज लॅबमधला आमचा डबा मी दोनदा मोजला. बारा आहेत.

काकांच्या "पत्र आणा" वाल्या माणसावरून मला स्वेर्दलोव्स्क आठवलं. सोव्हिएत काळातलं शहर, आता त्याला येकातेरिनबुर्ग म्हणतात. १९७९ च्या एप्रिलमध्ये तिथल्या लष्करी कारखान्यातून अँथ्रॅक्स बाहेर पडलं. वाऱ्याच्या दिशेने जी वस्ती होती तिथली किमान ६६ माणसं गेली. सरकारने सांगितलं, खराब मांस खाल्लं. १९९२ पर्यंत हेच चाललं, मग येल्त्सिनने लष्कराचं काम होतं हे कबूल केलं.

कसं झालं? सोव्हिएत जैविक अस्त्रांच्या कार्यक्रमातून पुढे अमेरिकेत गेलेल्या एका मोठ्या शास्त्रज्ञाने लिहून ठेवलंय. हवा बाहेर सोडणाऱ्या यंत्राचा फिल्टर तुंबला म्हणून एकाने काढला. दुसरा बसवायचा होता. त्याने चिठ्ठी लिहून ठेवली, पण वरिष्ठाने ती मुख्य रजिस्टरमध्ये चढवली नाही. पुढच्या पाळीवाल्याने रजिस्टर बघितलं, सगळं ठीक दिसलं, यंत्र सुरू केलं.

मी हे पहिल्यांदा वाचलं ते लंचमध्ये, डबा समोर उघडा. आमच्याकडे अशा चिठ्ठ्या असतात. पिवळ्या, चिकटवायच्या. "फिल्टर बदलायचाय", "इनक्युबेटर २ ला हात लावू नये", "दादा आले की सांग". त्या दिवशी जेवण तसंच ठेवून उठले आणि लॅबमधल्या सगळ्या चिठ्ठ्या फाडल्या. काय असेल ते रजिस्टरमध्ये लिहा म्हटलं. पोरं अजून मला पाठीमागे 'रजिस्टरबाई' म्हणतात, मला ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं.

कादंबरीकाराला खलनायक लागतो, त्याचंही पोट आहे. पण माझ्यासारखीला घाम फुटतो तो न चढवलेल्या नोंदीने.

प्रशासक
गुरुवार, सकाळी ८.०५

'कल्चर घरी कसं वाढवतात' असं विचारणारा एक प्रतिसाद उडवला आहे. पाककृती विभाग वेगळा आहे आणि तिथेही ही पाककृती चालणार नाही.

निवांत
गुरुवार, सकाळी ८.३०

मी नव्हतो. मला अजून विरजण नीट लागत नाही.

सेक्टर अकरा
गुरुवार, सकाळी १०.४०

रजिस्टरबाई (सॉरी, ताई), रजिस्टरचं सगळं पटलं, पण रजिस्टर नीट असूनही माणूस फिरला तर? २००१ ची अमेरिकेतली अँथ्रॅक्सची पाकिटं आठवा. अकरा सप्टेंबरनंतर आठवड्याभरात टपालाने जायला लागली. २२ जणांना लागण, ५ मृत्यू. आपल्याकडेही तेव्हा पांढरी पूड दिसली की पोलीस बोलावत होते. आमच्या वडिलांच्या ऑफिसात एका पाकिटातून रांगोळी निघाली होती. एफबीआयने अख्खं जग पालथं घातलं आणि शेवटी बोट ठेवलं ते आपल्याच लष्करी प्रयोगशाळेतल्या, अँथ्रॅक्सच्या लशीवर काम करणाऱ्या ब्रूस आयव्हिन्सवर. खटला उभा राहण्याआधी २००८ मध्ये त्याने आत्महत्या केली, त्यामुळे कोर्टात काहीच सिद्ध झालं नाही. तो निष्कर्ष सगळ्या शास्त्रज्ञांना पटलेला नाही. पण समजा खरा असेल, तर त्याच्या सह्या सगळ्या जागच्या जागी असणार.

जैविक अस्त्रांवर बंदी घालणारा करार १९७५ पासून लागू आहे, आपणही त्यात आहोत. पण कुणी पाळतो की नाही हे जाऊन तपासायची यंत्रणा त्यात नाही. सहीवरच भागतं.

घोडबंदरवाली
गुरुवार, दुपारी १.२५

याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडे दोन सह्या असतात, एवढंच. दुसरी सही करणारा पहिल्याचा डबा खाणारा मित्रच असतो.

मीठमोहर
गुरुवार, दुपारी ४.१०

सगळे मोठमोठं बोलताहेत, मी लहान मुद्दा मांडते. तो पेन्सिलवाला! या माणसांना लायब्ररीतून हद्दपार करा. लहानपणी डोंबिवलीच्या लायब्ररीत माझ्या हाती आलेल्या प्रत्येक रहस्यकथेत पहिल्याच पानावर "खुनी माळी आहे" असं एकाच अक्षरात लिहिलेलं असायचं. माळी नसलेल्या कथेतसुद्धा. हा मेहुणेवाला त्याचाच वंशज. जंतूंचं नंतर बघा, आधी यांच्यावर लस काढा.

ओपीडी
गुरुवार, रात्री ९.४०

+१. आणि एक शंका. 'मेहुणा' कुणाचा? नायकाचा की खलनायकाचा? निदान तेवढं तरी लिहायचं.

तलावपाळी
गुरुवार, रात्री १०.१५

आता लपवण्यात अर्थ नाही. ४३ व्या पानावर लिहिणारा मीच.

वाचताना हाताशी पेन्सिल ठेवायची चाळीस वर्षांची सवय. लेखापरीक्षणात होतो, तिथे समासात शंका लिहिल्याशिवाय पान उलटायचं नसे. त्या पानावर तो मेहुणा विनाकारण प्रयोगशाळेच्या पार्किंगची चौकशी करतो, म्हणून दोन उद्गारचिन्हं दिली. पुसायची होती, पण मुदत संपली आणि गडबडीत तसंच परत गेलं. पुढे काय झालं मला ठाऊक नाही, मी १७० च्या पुढे गेलोच नाही. डोंबिवलीच्या माळ्याशी माझा काही संबंध नाही.

घोडबंदरवालीताई, वाचून झालं असेल तर व्यनित सांगाल का, मेहुणाच होता का?

घोडबंदरवाली
गुरुवार, रात्री ११.०२

काका!! काल पाकूर सांगताना "तो विषय राहू दे" म्हणालात तेव्हाच समजायला हवं होतं.

मी ३८६ वर आहे. मेहुणा अजून जिवंत आहे आणि पार्किंगचं अजून कुणी विचारलेलं नाही, यापुढे मी बोलणार नाही. शनिवारी संध्याकाळी पुस्तक परत करतेय, सहा वाजता काउंटरपाशी या आणि स्वतःच्या नावावर घेऊन जा. पेन्सिल घरी ठेवून या. आणि तुमची ती उद्गारचिन्हं पुसायला रबर मी आणतेय, पण पुसायचं तुम्ही.